प्रतिसाद : फरक साडेपाच तासांचाच असेल तर बॅटरी बदलू नका

एकाच संगणकावर विंडोज आणि उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) दोन्ही असताना विंडोजचं घड्याळ चुकतं, या प्रश्नावर वर मदरबोर्डवरची (संगणकाच्या मुख्य सर्किट बोर्डवरची) बॅटरी बदलायचा सल्ला दिलाय, तो इथे लागू होत नाही. बॅटरी संपली की तारीखच कुठल्यातरी जुन्या सालात जाते आणि बायोसची (संगणक सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅमची) सेटिंग्जही पुसली जातात. उबुंटूतून विंडोजमध्ये आल्यावर घड्याळ बरोबर साडेपाच तास मागे दिसतंय, म्हणजे हार्डवेअर ठणठणीत आहे. मदरबोर्डवरच्या घड्याळात लिनक्स यूटीसी वेळ (जागतिक प्रमाणवेळ, भारताच्या साडेपाच तास मागे) लिहितं आणि विंडोज तीच स्थानिक वेळ समजतं, एवढंच. विंडोजमध्ये वेळ हाताने दुरुस्त केली तर उलटं होतं: उबुंटू साडेपाच तास पुढे जातं, इंटरनेटवरून वेळ जुळेपर्यंत.

लिनक्सलाच स्थानिक वेळ वापरायला लावा, हा दुसरा सल्ला भारतात चालून जातो. पण परदेशातल्या सभासदांनी तो टाळावा. उन्हाळी वेळ (उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे करायची पद्धत) सुरू झाली की दोन्ही सिस्टिम एकच घड्याळ आपापलं एकेक तास सरकवू शकतात, आणि वर्षातून दोनदा हा घोळ निस्तरत बसावं लागतं. मी तरी विंडोजलाच यूटीसी शिकवा म्हणेन. रजिस्ट्रीत (विंडोजची सेटिंग्ज जिथे साठवलेली असतात तिथे) सिस्टिम, करंटकंट्रोलसेट, कंट्रोल, टाइमझोनइन्फर्मेशन इथे जाऊन 'रिअलटाइमइजयुनिव्हर्सल' (RealTimeIsUniversal) नावाची डीवर्ड (DWORD, म्हणजे आकडा साठवणारी) नोंद करा, किंमत १. मग आधी उबुंटू सुरू करून वेळ जुळू द्या, नंतर विंडोज उघडा. हे लांबणीवर टाकू नका. वेळ चुकीची असली की सुरक्षित साइट्स प्रमाणपत्राच्या चुका दाखवून अडतात.