इंग्रजी अहवालात ‘ही सेड’ वाक्याच्या मध्ये घालावं का?

मुद्रितशोधक_सदाशिवपेठ
माझ्या मते घालू नये. चौकशी अहवाल, प्रबंध, कोर्टाचे कागद यांत दावा कुणाचा ते सुरुवातीलाच यायला हवं. ‘द इंजिनिअर सेड दॅट द वॉटर वॉज सेफ’ यात जबाबदारी इंजिनिअरची. ‘द वॉटर, द इंजिनिअर सेड, वॉज सेफ’ लिहिलं की ‘पाणी सुरक्षित होतं’ हेच मुख्य वाक्य होतं आणि इंजिनिअर दोन स्वल्पविरामांच्या बेचक्यात जातो. घाईत वाचणाऱ्याच्या नजरेतून तो निसटतो. त्यात आपल्याकडे पहिला स्वल्पविराम देतात आणि दुसरा विसरतात.

कोथरूडकर
स्वल्पविराम चुकतो म्हणून रचनाच बाद? मधला मजकूर बोटाने झाका. ‘द वॉटर वॉज सेफ’ सरळ वाचता आलं की झालं. मध्ये ‘दॅट’ शिरला असेल तर तिथेच अडखळायला होतं. आपल्याला ‘की’ची सवय, त्यामुळे तो आपसूक येतो; या रचनेत तो गाळायचाच. हीच युक्ती ‘हू’ आणि ‘हूम’लाही चालते. ‘द ऑफिसर हू, शी सेड, वॉज अ‍ॅब्सेंट’ यातलं ‘शी सेड’ झाका, ‘हू वॉज अ‍ॅब्सेंट’ उरतं. ‘हूम’ लिहिणारे त्याला ‘सेड’चं कर्म समजतात.
शिवाय परिच्छेद पाण्याबद्दल असेल तर पाच वाक्यं ‘द रिपोर्ट सेड दॅट’ने का सुरू करायची? पाणी पुढे राहू द्या.

प्रबंधवाली_औंध
जागेइतकंच क्रियापदही बघा. ‘द ब्रिज, ही डिनाइड, वॉज अनसेफ’ हे चालतच नाही. मुख्य वाक्य पूल धोकादायक होता असं ठामपणे सांगतं आणि मधलं क्रियापद तेच नाकारतं. ‘डाउटेड’चंही तसंच. तिथे ‘दॅट’चीच रचना घ्यावी लागते.
आणि ‘अ‍ॅज’! ‘अ‍ॅज द कमिटी शोज’ म्हणजे समितीचं म्हणणं तुम्हालाही मान्य. प्रबंधात असं लिहून पुढच्याच वाक्यात तिला खोडलेलं दिसतं, तेव्हा लेखकाची बाजू कोणती तेच कळत नाही. खोडायचं असेल तर ‘अ‍ॅज’ काढा.

मुद्रितशोधक_सदाशिवपेठ
क्रियापदाचं पटलं. पण पूर्णविरामाचं काय? ‘ही सेड’ची हद्द त्या वाक्यापुरती. पुढचं वाक्य इंजिनिअरचं की अहवाल लिहिणाऱ्याचं?

कोथरूडकर
अहो, ते ‘दॅट’ लावूनही होतंच. उपाय दोन्हीकडे एकच: पुढच्या वाक्यात नाव पुन्हा द्या.

मुठाकाठ
मराठीतलं ‘म्हणे’ आठवा. ‘पूल म्हणे धोकादायक आहे’ यात शंका आलीच. इंग्रजीतल्या ‘ही सेड’मध्ये एवढी शंका नसते, पण सर्वमान्य गोष्टीला ते चिकटवलं की येते. पानशेत धरण १२ जुलै १९६१ रोजी फुटलं, याला ‘द रिपोर्ट सेज’ कशाला? ते का फुटलं हे सांगताना मात्र कुणाचं मत ते लिहायलाच हवं.

मुद्रितशोधक_सदाशिवपेठ
प्रबंधापुरतं मान्य, नाव पुन्हा देत असाल तर. प्रतिज्ञापत्रात मात्र नाही. तिथे परिच्छेदागणिक ‘आय से दॅट’ लिहितात, ते मला योग्यच वाटतं. उलटतपासणीत एकेका वाक्यावर बोट ठेवलं जातं.