मुलांना एकाच शोधयंत्राच्या भरवशावर सोडावे का?

प्रश्न (अभ्यासिका चालक, अशोक चौक परिसर, सोलापूर)

आमच्या अभ्यासिकेतील बहुतेक मुले विडी आणि यंत्रमाग कामगारांच्या घरांतील आहेत. घरी विचारावे असे शिकलेले माणूस नसते, म्हणून जे विचारायचे ते मोबाइललाच विचारले जाते. गेल्या महिन्यात बारावीची एक मुलगी शिष्यवृत्तीचा अर्ज शोधत असताना सर्वांत वर आलेल्या दुव्यावर गेली आणि एका खासगी दलालाला पाचशे रुपये भरून बसली. 'प्रायोजित' (म्हणजे पैसे देऊन वर आणलेली जाहिरात) हा बारीक शब्द तिच्या लक्षातच आला नव्हता. शिष्यवृत्तीचे अर्ज घेणारे शासनाचे महाडीबीटी पोर्टल त्याच पानावर, पण खाली होते. अशा मुलांना गूगलखेरीज दुसरे, स्वतंत्र शोधयंत्र (सर्च इंजिन) शिकवावे का, की 'नीट वाचून मग उघडा' एवढे सांगणे पुरेसे आहे?

उत्तर १ (संगणक शिक्षक)

शिकवावेच, परंतु 'स्वतंत्र' हा शब्द तपासून घ्यावा. शोधयंत्र इंटरनेटवरची पाने आधी गोळा करून त्यांची सूची बनवते आणि उत्तर त्या सूचीतून देते; ही सूची बनवणे इतके खर्चिक आहे की ती स्वतः बनवणारे जगात मोजकेच आहेत. डकडकगो हे शोधयंत्र वापरणाऱ्याची माहिती साठवत नाही, हे चांगलेच आहे, पण त्याचे बरेचसे निकाल मायक्रोसॉफ्टच्या बिंगकडून येतात. ब्रेव्ह आणि ब्रिटनमधील मोजीक यांनी मात्र स्वतःची सूची उभारली आहे. दुकानाची पाटी बदलली तरी माल एकाच गोदामातला असेल, तर निवड झाली असे म्हणता येत नाही.

उत्तर २ (वकील, होटगी रस्ता)

मुलांच्या सावधपणावर सगळा भार टाकणे मला अन्यायाचे वाटते. ठरावीक शोधयंत्र फोनमध्ये आधीपासूनच असावे, यासाठी गूगलने २०२१ या एका वर्षात मोबाइल आणि ब्राउझर कंपन्यांना २,६३० कोटी डॉलर दिल्याचे अमेरिकेतील खटल्यात उघड झाले, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये तेथील न्यायालयाने ही मक्तेदारी बेकायदा रीतीने टिकवल्याचा निर्णय दिला. आपल्याकडेही भारतीय स्पर्धा आयोगाने २०१८ मध्ये शोधनिकालांतील पक्षपाताबद्दल गूगलला सुमारे १३६ कोटी रुपयांचा दंड केला होता. सवय लावण्यासाठी एवढा पैसा ओतला जात असेल, तर पहिला फोन हातात घेणाऱ्या मुलाने निवड केली असे आपण कोणत्या तोंडाने म्हणावे?

उत्तर ३ (महाविद्यालयीन विद्यार्थिनी)

सर, एक अडचण नोंदवते. सोलापुरातील १९३० च्या मार्शल लॉवर (लष्करी अंमलावर) प्रकल्प करताना मी मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन या चार हुतात्म्यांविषयी मराठीतून शोध घेतला, तेव्हा लहान शोधयंत्रांवर अगदी थोडी मराठी पाने मिळाली. तरीही दोन ठिकाणी शोधल्यामुळे एक गोष्ट समजली: पहिल्या पानावर जे नाही ते अस्तित्वातच नाही, असे मी आजवर धरून चालले होते. ही समजूत वयाच्या विशीतच मोडली, याचे मला समाधान आहे.

प्रश्नकर्ता

ताई, आपला अनुभव मी मुलांना वाचून दाखवेन. अभ्यासिकेच्या दोन संगणकांवर उद्यापासून दुसरे शोधयंत्रही ठेवतो, आणि शिष्यवृत्ती व प्रवेशाच्या शासकीय संकेतस्थळांचे पत्ते मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर लावतो, म्हणजे अर्जासाठी शोध घेण्याची वेळच येणार नाही.