नर्सिंगची पदवी कर्ज काढून करावी का?

हिशेबी
भाचीला नर्सिंगची पदवी करायची आहे. चार वर्षं, आणि फी जवळजवळ सगळी कर्जातून. घरात दोन तट पडलेत. एक म्हणतो, नर्सला नोकरी ठेवलेलीच असते, डोळे मिटून घ्या. दुसरा म्हणतो, पोरगी उमेदीची वर्षं हप्ते फेडण्यात घालवेल.

मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. ८ टक्के व्याज आणि १० वर्षांची मुदत धरली. एकूण कर्ज पहिल्या वर्षाच्या हातात येणाऱ्या पगाराइतकं असेल, तर हप्त्यात महिन्याच्या पगारातले साधारण साडेचौदा टक्के जातात. कर्ज पगाराच्या दुप्पट असेल तर २९ टक्के. साडेचौदा झेपतात, २९ मध्ये जीव जातो. भाचीचं प्रकरण पहिल्या प्रकारात बसतंय, म्हणून माझं मत 'घ्यावं' असं आहे. चुकत असेल तर खोडून काढा.

आकडेमोड
पहिलीच पायरी गळली आहे. शिकतानाचं व्याज कुठे गेलं? दरवर्षी २५ असे चार वर्षांत १०० उचलले, तर पहिल्या २५ वर चार वर्षांचं व्याज चढतं, दुसऱ्या २५ वर तीन, पुढे दोन, मग एक. सरळव्याजानेच २० होतात. म्हणजे पदवी हातात पडते तेव्हा कर्ज १२० असतं. तुमचे साडेचौदा तिथेच साडेसतरा झाले. शिकताना सरकार व्याज भरत असेल तर गोष्ट वेगळी.

आणि पगाराचा आकडा कुठून आणलात? सरासरी किंवा मध्यक (निम्म्यांना याहून कमी, निम्म्यांना जास्त) असेल तर सांभाळून. अमेरिकेच्या श्रम खात्याने मे २०२४ साठी नोंदणीकृत नर्सचा मध्यक वार्षिक पगार ९३,६०० डॉलर दिला आहे. त्यात वीस-वीस वर्षं नोकरी झालेल्याही आल्या. नव्या मुलीला तेवढा मिळेल असं धरून कर्ज काढणं म्हणजे बाजारात तुरी.

रात्रपाळी
११ वर्षं वॉर्डात आहे, म्हणून लिहिते. हिशेबी, तुमच्या कागदावर फी आहे, व्याज आहे, पगार आहे, पण शरीर कुठेच नाही.

१० वर्षं हप्ता म्हणजे १० वर्षं 'नाइट नको' म्हणायची सोय नाही. आमच्या बॅचमध्ये डबल ड्युटी मागून घेणाऱ्या कोण, तर कर्जवाल्या. मी तिसऱ्या वर्षी पेशंट उचलताना कंबरेने बसले. सहा आठवडे बिनपगारी घरी. हप्त्याला कंबर नसते, तो वेळेवर आला.

शिकतानाही तेच. युरोपीय संघाच्या २००५ च्या निर्देशात सामान्य नर्सच्या प्रशिक्षणासाठी किमान ४,६०० तास सांगितलेत, त्यातले निदान निम्मे प्रत्यक्ष रुग्णांजवळ. २,३०० तास, बहुधा फुकट. दुसऱ्या शाखेची मुलगी संध्याकाळी चार पैसे कमावते, आमची वॉर्डात उभी असते. म्हणून फीबरोबर जेवणखाण आणि भाडंही कर्जात जातं. ते धरलंय का?

चष्मेवाला
रात्रपाळी, तुमचं दुखणं खरं आहे, पण ते कर्जाचं की कामाचं? पदवी नसलेल्या मदतनीस बाईची कंबर वाचते थोडीच. तीही उचलते, तीही नाइट करते, आणि पगार कमी. उलट वॉर्डाबाहेरच्या वाटा, म्हणजे शिकवणं, संसर्ग नियंत्रण, पुढे व्यवस्थापन, या बहुतेक पदवीनंतरच उघडतात. कर्ज हे नाइटमधून सुटकेचं भाडं आहे असं का नाही बघत?

रात्रपाळी
बघते की. पण भाडं भरेपर्यंत चाळिशी येते.

पायरीपायरीने
चार वर्षांचं कर्ज एकदम कशाला? अमेरिकेत दोन वर्षांची असोसिएट पदवी घेतलेली आणि चार वर्षांची पदवी घेतलेली, दोघी एकच परवाना परीक्षा देतात, एनक्लेक्स-आरएन. आधी लहान अभ्यासक्रम, मग नोकरी, मग उरलेली पदवी. कित्येक ठिकाणी मालकच तिच्या फीचा काही भाग उचलतो. भाचीच्या जागी मी असते तर हेच केलं असतं.

आकडेमोड
चांगला मार्ग, पण काही मोठी रुग्णालयं पदवीधरच घेतात. आणि ड्युटी सांभाळून अभ्यास करणं बोलायला सोपं आहे.

वाकडी वाट
मला मूळ प्रश्नच खटकतो. २०१४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात नऊ युरोपीय देशांतल्या रुग्णालयांचा अभ्यास आला होता. पदवीधर नर्सचं प्रमाण १० टक्के जास्त, तिथे शस्त्रक्रियेच्या रुग्णांच्या मृत्यूची शक्यता ७ टक्के कमी. पदवीचा फायदा पेशंटला आणि कर्ज मुलीच्या नावावर, हा कुठला न्याय? इंग्लंडने २०१७ मध्ये नव्या नर्सिंग विद्यार्थ्यांची बर्सरी, म्हणजे परत न करायची सरकारी मदत, काढून कर्ज गळ्यात मारलं आणि अर्ज घटले. सप्टेंबर २०२० पासून वर्षाला किमान ५,००० पौंडांचं अनुदान पुन्हा द्यावं लागलं.

चष्मेवाला
न्याय मिळेपर्यंत भाचीने प्रवेश थांबवायचा का?

वाकडी वाट
नाही हो. पण 'कर्ज' म्हणजे सगळीकडे एकच वस्तू नाही, एवढं तरी बघा. इंग्लंडमध्ये ठरावीक उत्पन्नाच्या वरच्या रकमेचे ९ टक्के कापतात. पगार त्याखाली गेला की कापणं बंद, आणि ठरलेल्या वर्षांनंतर उरलेलं माफ. अमेरिकेत २००७ च्या कायद्याने सरकारी किंवा ना-नफा संस्थेत काम करत १२० पात्र हप्ते भरले की संघीय, म्हणजे केंद्र सरकारच्या, कर्जाची बाकी माफ होते. खासगी बँकेचं कर्ज त्यात बसत नाही. रात्रपाळींच्या सहा आठवड्यांत कर्ज कसं वागेल, हे असल्या कलमांवर ठरतं. आकडेमोडींच्या साडेसतरा टक्क्यांवर नाही.

हिशेबी
मान्य. दुरुस्ती करतो. कागदावर आता शिकतानाचं व्याज आणि राहण्याचा खर्च आलाय. कर्ज पगाराच्या सव्वापटीवर गेलं. हप्ता अठरा टक्क्यांच्या थोडा वर. अजून 'घ्यावं'च म्हणतोय, पण आवाज उतरलाय. आणि एक गोष्ट कुणीच काढली नाही, मीही नाही: मुलगी मध्येच सोडून आली तर? पगार शून्य, कर्ज तसंच.

म्हणून काल कॉलेजला फोन करून दोनच गोष्टी विचारल्या. पहिल्या वर्षाला किती मुली घेता, आणि त्यातल्या किती वेळेत पदवी घेऊन बाहेर पडतात. पहिला आकडा तोंडपाठ होता. दुसऱ्यावर 'कळवतो' म्हणाले.

रात्रपाळी
कळवला की इथे टाका. आमच्या बॅचचा मला ठाऊक आहे, आधी त्यांचा येऊ दे.