‘जमिनीखालच्या प्लेटा आदळल्या’ : हे मराठी चालेल का?

माजघर :
आमच्या गावच्या वाचनालयात विज्ञानाची भित्तिपत्रकं लावायची आहेत. ‘पृथ्वीचा पृष्ठभाग कसा घडतो’ हे पत्रक माझ्या वाट्याला आलंय आणि मी पहिल्याच वाक्याला अडलेय. टेक्टॉनिक प्लेटला, म्हणजे पृथ्वीच्या कडक कवचाच्या प्रचंड तुकड्याला, काय लिहू? भूपट्ट, भूपट, भूतबकडी, की सरळ प्लेट? सध्याचा मजकूर असा : ‘जमिनीखाली मोठमोठ्या प्लेटा तरंगत असतात. त्या एकमेकींवर आदळल्या की भूकंप होतात आणि डोंगर तयार होतात.’ वाचणार सातवी-आठवीची मुलं आणि दुपारी पेपर वाचायला येणारे आजोबा. जाणकारांनी मदत करावी.

शब्दखवय्या :
माझं मत ‘भूपट्ट’ला. संस्कृतात शिलापट्ट म्हणजे बसण्या-निजण्याजोगी सपाट शिळा. आपले पाट, पाटा, पाटी सगळे त्याच घरातले. कडक, सपाट आणि जाड हा अर्थ शब्दात आधीपासून आहे. मराठी विश्वकोशातही ‘भूपट्ट सांरचनिकी’ अशीच नोंद आहे. ‘भूपट’ नको, पट म्हटलं की वस्त्र नाहीतर सोंगट्या.

टेक्टॉनिक्ससाठी ‘विवर्तनिकी’ असाही शब्द वापरतात, तोही टाळा. अर्थ वळण्या-फिरण्याचा आहे हे मान्य, पण ज्यांनी थोडाफार वेदान्त ऐकलाय त्यांना विवर्त म्हटलं की दोरीवरचा साप आठवतो, म्हणजे जे घडलंच नाही ते. इथे तर हिमालय उभा राहिलाय!

जाता जाता : टेक्टॉनिकमधला ग्रीक ‘टेक्टॉन’ म्हणजे सुतार, बांधणारा. संस्कृतातला ‘तक्षन्’ त्याच कुळातला, अर्थही तोच.

भूगोलबाई :
वर्गातला अनुभव सांगते. ‘भूपट्ट’ म्हटलं की मुलांना ‘पट्टा’ ऐकू येतो. हरितपट्टा, भूकंपपट्टा, कोकणपट्टी हे शब्द रोज कानांवर असतात ना. एकाने तर पृथ्वीला कमरपट्टे घातले होते, तीनतीन! म्हणून मी शब्द भूपट्टच देते, पण त्याआधी फरशी दाखवते. १९६७ साली डॅन मकेंझी आणि रॉबर्ट पार्कर यांनी गोलावर भूपट्ट कसे हलतात याचं गणित मांडलं, तेव्हा त्यांनाही फरसबंदीचे दगडच सुचले होते. फरशा सगळ्या सारख्या नसतात. मोठ्या सातेक, बाकी लहानमोठ्या बऱ्याच. पॅसिफिक महासागराखालची सगळ्यात मोठी. जाडी साधारण १०० किलोमीटर, खंडांच्या जुन्या भागांत त्याहून बरीच जास्त.

अनवाणी :
मग भूफरशीच म्हणा की. शहाबादी की कडप्पा तेवढं ठरवा.

कातळपाय :
माजघरताई, नामाचा एवढा घोळ घालू नका. भूपट्ट लिहा, प्लेट लिहा, लोकांना कळतं. तुमच्या मजकुरात घोटाळा आहे तो बाकीच्या तीन शब्दांत : ‘खाली’, ‘तरंगत’ आणि ‘आदळल्या’. वर्तमानपत्रांतही हेच तीन शब्द दर भूकंपाला न चुकता येतात. मी भूजलाच्या कामात असतो, विहिरीवर बसून लोकांशी बोलताना हेच निस्तरावं लागतं.

‘जमिनीखाली’ पासून सुरू करू. भूपट्ट जमिनीखाली नसतो. जमीन हीच त्याची वरची बाजू. तुमची विहीर, वाचनालय, सह्याद्री आणि मुंबईपासून पार समुद्राच्या तळापर्यंतचा सगळा ऐवज एकाच भूपट्टाचा भाग आहे. ‘खाली’ म्हटलं की वाचणाऱ्याला वाटतं, वर आपण स्थिर आणि तळघरात काहीतरी सामान हलतंय. खरं म्हणजे आपण त्याच्यासकट निघालोय. हैदराबाद आणि बंगळूरच्या जीपीएस केंद्रांच्या नोंदी बघा : ईशान्येकडे वर्षाला साधारण ५ सेंटीमीटर. या हिशेबाने १६७४ च्या राज्याभिषेकापासून रायगड सतराअठरा मीटर सरकला. गड, दरवाजे, होळीचा माळ, सगळं जागच्या जागी ठेवून.

‘तरंगत’ मुळे आणखी गडबड होते. मग मुलं विचारतात, कशावर? आणि कोणीतरी उत्तर देतं, लाव्ह्यावर. भूपट्टाखाली लाव्ह्याचा समुद्र नाही. तिथला खडक तापलेला आणि मऊसर आहे, पण घनच. लाखो वर्षांच्या हिशेबात तो वाहतो, एवढंच. पाठ्यपुस्तकी शब्द हवा असेल तर दुर्बलावरण. आणि भूपट्ट कोणी वाहून नेतंय असंही फारसं नाही. समुद्रतळाचा थंड, जड झालेला काठ दुसऱ्या भूपट्टाखाली शिरतो आणि स्वतःच्या वजनाने मागच्या सगळ्याला ओढत नेतो. सरकवणाऱ्या जोरांत हा ओढा सगळ्यात मोठा धरतात. म्हणून ‘सरकतात’ लिहा. त्या क्रियापदात काही चुकत नाही.

‘आदळल्या’ वर उद्या लिहितो, एक बोअर चालू आहे.

लातूरकर :
‘आदळल्या’ चं मीच लिहितो. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. अनंत चतुर्दशीची रात्र उलटून गेली होती, विसर्जन करून लोक झोपले होते. चारच्या सुमाराला किल्लारी आणि भोवतालची गावं दगडमातीच्या ढिगात गेली. आमच्याकडे अजूनही कोणी सांगतं की ‘किल्लारीखाली दोन प्लेटा आदळल्या’. लहान होतो तेव्हा मला खरंच वाटायचं की एक प्लेट उस्मानाबादकडून आली आणि एक लातूरकडून. किल्लारीपासून जवळात जवळची भूपट्टाची कड कुठे आहे? हिमालयाच्या पायथ्याशी, हजार किलोमीटरहून लांब. मग भूकंप झाला कसा, हे नीट मराठीत सांगणारं तेव्हा गावात कोणी नव्हतं.

कातळपाय :
तेच म्हणतोय. किल्लारीचा भूकंप भूपट्टाच्या मधोमध झालेला. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचाही तसाच. तिथे शिवसागर जलाशयाच्या पाण्यानेही हातभार लावला असं मानलं जातं. कच्छमध्ये २००१ ला झाला तोही सीमेवरचा नव्हे. उत्तरेकडे भारताचा भूपट्ट तिबेटला रेटतोय, त्या रेट्याचा दाब अख्ख्या भूपट्टात पसरतो. आत कुठे जुनी, कमजोर जागा असली की ती कधीतरी सुटते.

‘आदळणे’ हे एका क्षणाचं काम. ताटली आदळते, दार आदळतं. भारत आणि आशिया साधारण ५ कोटी वर्षांपूर्वी भिडले आणि तेव्हापासून रेटारेटी चालूच आहे. रेटा, रेटणे, रेटारेटी, किती नेमके शब्द आहेत आपल्याकडे! भूकंपाच्या दिवशी काही आदळत नाही. उलट, घर्षणाने अडकून बसलेला भाग सुटतो. २५ एप्रिल २०१५ ला नेपाळात हेच झालं. अनेक वर्षं अडून राहिलेला तुकडा मिनिटभरात सुटला आणि काठमांडूचा परिसर सुमारे मीटरभर वर उचलला गेला. म्हणजे ‘रेटा साठतो’ आणि ‘अडकलेलं सुटतं’ अशी दोन क्रियापदं हवीत. एका ‘आदळल्या’ मध्ये दोन्ही कोंबली की किल्लारीचा गैरसमज होतो.

शब्दखवय्या :
पटलं. मग भूपट्टाच्या मध्ये होणाऱ्या भूकंपाला काय म्हणायचं? ‘अंतर्पट्ट’ म्हटलं तर अंतरपाट ऐकू येतो आणि सगळे अक्षता शोधायला लागतात.

भूगोलबाई :
‘भूपट्टाच्या आतला भूकंप’. दोन शब्द जास्त गेले तर जाऊ देत.

माजघर :
मग कडांवर काय होतं ते कसं सांगू? पाठ्यपुस्तकात अपसारी (दूर जाणाऱ्या), अभिसारी (जवळ येणाऱ्या) असं आहे. आजोबा पुढच्या पत्रकाकडे जातील.

कातळपाय :
कडांवरची सगळी कामं बोलीतल्या क्रियापदांत मावतात. आइसलँडमध्ये दोन भूपट्ट फाकतात, वर्षाला दोनेक सेंटीमीटर. थिंगवेत्लिरला गेलात तर त्या फाकण्याने पडलेल्या भेगांमधून चालत जाता येतं. कॅलिफोर्नियात, सॅन अँड्रियास नावाच्या लांबलचक भेगेवर, एकमेकांना घासून जातात. तिथे नवीन काही तयार होत नाही की काही गडप होत नाही. सुमात्रा-अंदमानच्या बाजूला आपल्याकडचा समुद्रतळ खाली शिरतो. २६ डिसेंबर २००४ ची त्सुनामी तिथलीच. त्या दिवशी निकोबारचं इंदिरा पॉइंट खचलं आणि दीपगृहाच्या पायथ्याशी समुद्र आला. फाकणे, घासणे, शिरणे, रेटणे, खचणे, उचलणे. अभिसारी-अपसारी परीक्षेसाठी ठेवा.

हिमालयासाठी मात्र एक वस्तू मागवा. तुमच्या गावात कोणाच्या तरी देवघरात शाळिग्राम असेल. फुटलेला किंवा भोक असलेला मिळाला तर उत्तम. काळा, गुळगुळीत गोटा, आत वेटोळं, त्यावर बारीक उंचवट्यांच्या रेषा एकाआड एक. आपण त्याला चक्र म्हणतो. हे अमोनाइट, समुद्रातल्या एका नामशेष प्राण्याचं कवच. भारत आणि आशियाच्या मध्ये टेथिस समुद्र होता, त्याच्या तळाच्या गाळात ते गाडलं गेलं. दोन्ही खंड भिडले, मधला गाळ चुरगळून वर आला आणि आता तो गोटा नेपाळात गंडकीच्या पात्रात सापडतो, समुद्रापासून शेकडो किलोमीटर लांब. वली पर्वत म्हणजे काय हे सांगायला चित्र काढू नका. तो गोटा काचेखाली ठेवा. अर्थात ज्यांच्या घरचा असेल त्यांना आधी विचारा, सोवळ्यातला असतो.

अनवाणी :
एक शंका. खंड आणि भूपट्ट एकच ना? जुन्या मराठी लेखनात ‘खंडविप्लव’ वाचलंय.

शब्दखवय्या :
खंडविप्लव हा झकास शब्द आहे आणि आता वापरू नये असाही. ‘प्लु’ म्हणजे तरंगणं, त्यावरून वाहत दूर जाणं हा अर्थ घेतला असणार. आजच्या मराठीत विप्लव म्हणजे बंडाळी. आल्फ्रेड वेगेनरने १९१२ साली कल्पना मांडली तेव्हा त्याच्या जर्मन शब्दात नुसतं ‘सरकणं’ होतं. वाहणं इंग्रजीने घातलं आणि आपण ते तिथून उचललं.

कातळपाय :
आणि खंड व भूपट्ट एक नव्हेत, हे पत्रकात ठळक टाका. भारताच्या भूपट्टात अरबी समुद्राच्या तळाचा मोठा भाग येतो, बंगालच्या उपसागराचाही. कोकण किनारा ही भूपट्टाची कड आहे असं बरेच जण समजतात. तसं नाही. नैऋत्येची कड पार कार्ल्सबर्ग कटकापाशी, म्हणजे समुद्रतळावरच्या डोंगररांगेपाशी, भर समुद्रात. हो, तेच बिअरवालं नाव. डेन्मार्कच्या सागरी मोहिमेला त्यांच्या प्रतिष्ठानाने पैसे दिले होते. आणि पॅसिफिक भूपट्ट तर जवळजवळ सगळा समुद्रतळच आहे, खंड असा त्यावर नाहीच म्हटलं तरी चालेल.

माजघर :
आता शेवटचं. सह्याद्रीबद्दल दोन ओळी हव्यात. डोंगर म्हटल्यावर लोक विचारणारच की तोही रेट्याने झाला का.

कातळपाय :
नाही. सह्याद्रीचा खडक म्हणजे लाव्ह्याचे थरावर थर, साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे. ‘दख्खनचा ट्रॅप’ मधला ट्रॅप म्हणजे सापळा नव्हे, स्कॅन्डिनेव्हियन भाषांतला जिना. कोणत्याही घाटात कापलेल्या दरडीत बघा : काळा पाषाण, त्यावर पोकळ्यापोकळ्यांचा मऊ मांजऱ्या, मध्येच तांबड्या मातीचा हातभर थर, पुन्हा काळा पाषाण. एक लाव्हा थंड झाला, त्यावर माती बनली, मग पुढचा लाव्हा आला, म्हणून तो तांबडा थर.

भूपट्टांचा संबंध पुढे येतो. हा लाव्हा ज्या खोल, तापलेल्या जागेतून आला ती जागा बहुतेक भूशास्त्रज्ञांच्या मते जवळपास तिथेच राहिली आणि भारत तिच्यावरून उत्तरेला सरकत गेला, तेव्हा तर आजच्या तिपटीच्या आसपास वेगाने. मागे ज्वालामुखींची रांग उरली : लक्षद्वीप, मालदीव, चागोस. जसजसं दक्षिणेला जावं तसतसा तळाचा खडक वयाने लहान. मालदीवखाली साधारण ५.७ कोटी वर्षं, चागोसखाली ४.९ कोटी. मग समुद्रतळ जिथे फाकतो तो कटकच त्या जागेवरून पलीकडे गेला, म्हणून पुढची बेटं आफ्रिकेच्या बाजूच्या भूपट्टावर आली : मॉरिशस आणि रेयुनियन. रेयुनियनचा ज्वालामुखी आजही पेटतो. मॉरिशसमध्ये १९ व्या शतकात इथून गेलेल्या मराठी कुटुंबांचे वंशज राहतात. त्यांच्या पायाखालचा काळा दगड आणि रायगडचा काळा दगड एकाच चुलीवरचा, असं म्हटलं तर भूशास्त्रवाले फार ओरडणार नाहीत.

अनवाणी :
त्या तापलेल्या जागेला हॉटस्पॉट म्हणतात ना? लिहू नका. मुलं वाय-फाय शोधतील.

भूगोलबाई :
‘तप्तस्थान’ लिहा, कंसाबिंसाशिवाय.

माजघर :
नवीन मजकूर असा केला : ‘आपण ज्या जमिनीवर उभे आहोत ती एका प्रचंड भूपट्टाची, म्हणजेच प्लेटची, वरची बाजू आहे. भूपट्टात जमीनही येते आणि समुद्राचा तळही. आपला भूपट्ट दरवर्षी साधारण ५ सेंटीमीटर ईशान्येकडे सरकतो आणि आशियाला रेटतो. या रेट्याने समुद्रतळाचा गाळ चुरगळून वर आला आणि हिमालय झाला. रेटा साठत जातो, अडकलेला भाग एकदम सुटला की भूकंप होतो.’ खाली शाळिग्राम. पलीकडच्या आळीतल्या काकू द्यायला तयार आहेत, पण संध्याकाळी परत हवा म्हणतात. ‘प्लेट’ चं अनेकवचन प्लेट्स, प्लेटा की प्लेटी?

शब्दखवय्या :
प्लेटा. वीट-विटा, तशी प्लेट-प्लेटा. पण तुमच्या मजकुरात अनेकवचन येतच नाहीये.

लातूरकर :
एक ओळ वाढवा : ‘भूकंप भूपट्टाच्या कडेला जास्त होतात, पण आतही होऊ शकतात. कोयना आणि किल्लारीचे भूकंप आतले होते.’ हे लिहिलं नाहीत तर आपण कडेपासून लांब आहोत म्हणून लोक निर्धास्त होतील.

माजघर :
घातली. छापायला देतेय.