दात्रीचं बीज, नसब आणि मुलाचा हक्क

रामबागवाली: इंदूरच्या एका आयव्हीएफ केंद्रात मी समुपदेशक आहे. परवा खजरान्याचं एक मुस्लिम जोडपं आलं होतं. तिची स्त्रीबीजं संपत आलेली, म्हणून डॉक्टरांनी दात्रीचं बीज सुचवलं. ओढणीच्या टोकाला गाठ मारत ती बराच वेळ गप्प बसली. मग फाइल मिटली आणि म्हणाली, "आम्हा दोघांचं असेल तरच." ती गेल्यावर आमच्यातल्याच काहींनी तिला मागास ठरवलं. मला ते मुळीच पटलं नाही. पहिली टेस्ट-ट्यूब बेबी लुईस ब्राउन जन्मून दोन वर्षंही झाली नव्हती, तेव्हा 1980 मध्ये अल-अझहरनं, म्हणजे कैरोच्या नामांकित सुन्नी धर्मपीठानं, नवरा-बायकोपुरतं आयव्हीएफ मान्य केलं होतं. आक्षेप प्रयोगशाळेला नाही, तिसऱ्या माणसाला आहे. कारण नसब, म्हणजे मूल कुणाचं हे स्पष्ट असणं. आपल्याकडे दात्रीचं नाव गुप्त राहतं. मुलाला कुणी विचारलं?

कोकणातली_सून: ताई, माझ्या नणंदेनं नऊ वर्षं टोमणे ऐकलेत, तिला हे सांगून बघा! कुरआनच्या 58व्या सूरेत आहे, ज्यांनी जन्म दिला त्याच माता. (संदर्भ जिहारचा, म्हणजे बायकोला 'तू मला आईसारखी' म्हणून दूर करण्याच्या जुन्या प्रथेचा आहे, ठाऊक आहे मला.) मग पोटात वाढवणारी आई परकी कशी? इराणचे शिया धर्मनेते खामेनींनी 1999 मध्ये अटी घालून बीजदान मान्य केलं, इराणमध्ये 2003 पासून भ्रूणदानाचा कायदा आहे. आम्ही सुन्नी, तो फतवा आमच्यासाठी नाही. पण इस्लामचं उत्तर एकच, असं तरी म्हणू नका.

छावणीकर: आपा, दात्रीची स्वतःची मुलं याच शहरात असतील. उद्या त्यांच्यातच निकाह जुळला तर? माझ्या अम्मीनं शेजारच्या बाळाला दूध पाजलं होतं. सख्ख्या भावासारखा मानलेला तो आज चाळिशीचा आहे, माझ्या बहिणी त्याच्यासमोर पडदा करत नाहीत, ईदला पहिला शीरखुर्मा त्याला. दुधाचं नातं इतकं पाळतो आपण, मग बीजाचं विसरायचं?

कोकणातली_सून: भाईजान, ते नातं निभतंय कारण ते सगळ्या मोहल्ल्याला माहीत आहे. मग लपवाछपवी बंद करा म्हणा. दानच बंद कशाला?

रामबागवाली: लपवाछपवीचं तुमचं म्हणणं मला मान्य आहे. पण आज ते नाव मुलाच्या हाती पडत नाही. तोवर फाइल मिटणाऱ्या बाईची समजूत घालायला मी जाणार नाही. मंगळवारी ती दोघं पुन्हा येणार आहेत. तिच्या स्वतःच्या बीजांवर एक प्रयत्न अजून करता येतो, डॉक्टरांनाही मी तेच सांगितलंय.