आयटीआय झालेल्या पोरांनी विद्युत सहायकाच्या जाहिरातीची वाट पाहत बसू नये

हिंगणा_मेंटेनन्स
माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. इलेक्ट्रिशियन ट्रेडचा आयटीआय झाला की महावितरणच्या जाहिरातीकडे डोळे लावून घरी बसायचं, यात नागपूरच्या पोट्ट्यांचं फार नुकसान होऊन राहिलं आहे. अर्ज करा, परीक्षा द्या, कोण नाही म्हणतो? पण तोवर हात रिकामे ठेवू नका.

महावितरणमध्ये विद्युत सहायक म्हणजे लाइनवरच्या तंत्रज्ञाच्या आधीची मानधनावरची जागा. तिची ५,३४७ पदांची जाहिरात आली डिसेंबर २०२३ मध्ये. परीक्षा झाली मे २०२५ मध्ये. मधला सगळा काळ ज्यांनी फक्त अभ्यासिकेत काढला आणि ज्यांची निवड झाली नाही, ती मुलं आता आमच्या कारखान्यात मुलाखतीला येतात. मुलाखतीत आम्ही विचारतो कमी, करून दाखवायला जास्त सांगतो. टेबलावर स्टार-डेल्टा स्टार्टरचा पॅनल असतो (मोठी मोटर आधी स्टार जोडणीत हळू सुरू करून मग डेल्टा जोडणीत पूर्ण ताकदीने चालवणारा), त्यात मुद्दाम दोष घातलेला. मोटर स्टारमध्ये सुरू होते, वेळ झाली की टायमर बदलतो, पण डेल्टाचा कॉन्टॅक्टर (कॉइलवर चालणारा मोठा स्विच) पिकअप होत नाही. बहुतेक जण लगेच टायमर काढायला निघतात. ज्याने खरंच काम केलं आहे तो आधी आयसोलेटर बंद करतो, सप्लाय गेल्याची मल्टिमीटरने खात्री करतो, आणि मग डेल्टाच्या कॉइलला जाणाऱ्या वाटेवरचा स्टार कॉन्टॅक्टरचा एनसी इंटरलॉक तपासतो, म्हणजे स्टार आणि डेल्टा एकदम चालू होऊ नयेत म्हणून ठेवलेला संपर्क. तो उघडा राहिला की डेल्टाला सप्लायच जात नाही, स्टार तर सुटलेला असतो, म्हणून मोटर हळूहळू थांबते. "सर, ड्रॉइंग मिळेल का?" असं विचारणारा मुलगा माझ्या लेखी अर्धा पास झालेला असतो.

हे सगळं आयटीआयत शिकवतात. पण वर्षभर पॅनलला हात लागला नाही तर राहत नाही लक्षात.

आणखी एक. हिंगणा, बुटीबोरी, कळमेश्वर इथल्या कारखान्यांतल्या बऱ्याच जागांची जाहिरात निघतच नाही. शिफ्टमधला एखादा सोडून गेला की सुपरवायझर आपल्याच मुलांना विचारतो, "कोणी आहे का ओळखीचा?" तुम्ही त्या आवारात कुठेतरी काम करत असाल तरच तुमचं नाव निघतं.

खापरखेड्याची_ताई
दादा, पॅनलचं पटलं. पण वाट पाहणाऱ्या मुलाला अक्कल नाही असा जो सूर लागतो, तो मला मान्य नाही.

माझे मिस्टर ठेकेदारामार्फत लाइनवर आहेत. कायम तंत्रज्ञ करतो तेच काम. परमिट (लाइन बंद ठेवून काम करायची परवानगी) घ्यायचं, एबी स्विच (खांबावरचा लाइन तोडणारा स्विच) उघडायचा, लाइनमध्ये उरलेला करंट जमिनीत उतरवायला डिस्चार्ज रॉड लावायचा, लाइन अर्थ करायची, मग खांबावर चढायचं. कोणाच्या घरचा जनरेटर उलटा सप्लाय देत असेल तर बंद लाइनही जीव घेते, म्हणून तो अर्थ लावल्याशिवाय चढूच नका असं मी दर पावसाळ्यात बजावते. वादळ आलं की रात्री पहिला फोन यांना. ठेकेदार बदलला की पगाराची तारीख बदलते, आणि पीएफ भरला की नाही ते आपणच शोधायचं.

विद्युत सहायकाला त्याच जाहिरातीत पहिली तीन वर्षं मानधन होतं महिन्याला १५, १६ आणि १७ हजार. म्हणजे सुरुवातीला फार काही नाहीच. तरी मुलं त्यासाठी वर्षं का घालतात? कारण तीन वर्षांनी तो तंत्रज्ञ म्हणून नियमित होतो. बँक दारात उभं करते, सोयरीक जमते, आणि खांबावर काही बरंवाईट झालं तर मागे घर उघड्यावर पडत नाही. तुमच्या कारखान्यात इलेक्ट्रिकलमधले किती जण कंपनीच्या रोलवर आहेत आणि किती ठेकेदाराकडे, ते आधी सांगा. मग मुलांना "वाट पाहू नका" म्हणा.

हिंगणा_मेंटेनन्स
ताई, रास्त विचारलंत. रोलवर थोडे, ठेकेदाराकडे जास्त, आणि हे बहुतेक कारखान्यांत असंच आहे. तरी मी म्हणतो, कामावर असलेल्या मुलाला पुढची जागा लवकर मिळते. घरी बसलेल्याचं फक्त वय वाढतं, आणि सरकारी जागेला वयोमर्यादा आहे.

मानेवाडा_वायरमन
तुम्ही दोघं नोकरीच धरून बसलात. ज्या शहरात पारा ४५ च्या वर जातो तिथे इलेक्ट्रिशियनला काम शोधावं लागतं का? मार्च लागला की घरोघर कूलर उतरतात. पंप बदला, मोटरचं वाइंडिंग करा, कंडेन्सर टाका, जूनपर्यंत जेवायला उसंत नसते. नंतर घरांची कन्सील्ड वायरिंग पॉइंटच्या दराने, दिवाळीआधी दुरुस्त्या.

पण एक अट. राज्याच्या अनुज्ञापक मंडळाचा तारतंत्री परवाना काढा. त्याच्या पुढे पर्यवेक्षकाचं प्रमाणपत्र, मग ठेकेदाराची अनुज्ञप्ती. नवीन मीटरला महावितरणकडे टेस्ट रिपोर्ट द्यावा लागतो आणि तो परवानाधारक ठेकेदाराचाच चालतो. माझ्या ओळखीचे फार चांगले कारागीर जन्मभर दुसऱ्याच्या सहीवर काम करतात. घाम यांचा आणि सहीचे पैसे दुसऱ्याला.

परवान्याची किंमत फक्त पैशात नाही. कूलरच्या पंपाचं इन्सुलेशन जातं, पत्र्याच्या बॉडीत करंट उतरतो, अर्थिंग नसते, पायाखाली फरशी ओली. नागपुरात उन्हाळ्यात यात माणसं जातात, लेकरं जातात. मी गिऱ्हाइकाला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की सप्लाय तोडणारा स्विच) लावायलाच सांगतो आणि जाण्याआधी टेस्ट बटण दाबून दाखवतो. "न्यूट्रललाच अर्थ जोडून दे" म्हणणाऱ्याचं काम मी घेत नाही.

निवृत्त_निदेशक
मी आयटीआयमध्ये हाच ट्रेड शिकवला. मूळ मताला माझा विरोध आहे, पण ताईंच्या कारणासाठी नाही. वाट पाहण्यापेक्षा घाईने मुलं जास्त वाया गेलेली मी पाहिली.

निकाल लागतो, कोणीतरी बारा-चौदा हजार देतो, मुलगा शिकाऊ उमेदवारी (अप्रेंटिसशिप) सोडून हेल्पर म्हणून लागतो. त्याच्या हातात केबल ओढणं आणि भिंतीला झिरी मारणं एवढंच येतं. काही वर्षांनी भेटला तरी तो हेल्परच असतो. शिकाऊ उमेदवारीत मानधन कमी मिळतं, मान्य. पण अजनीचं इलेक्ट्रिक लोको शेड, मोतीबाग वर्कशॉप, कोराडीचं वीज केंद्र, अंबाझरीची आयुध निर्माणी इथे जे यंत्र पाहायला मिळतं ते हिंगण्याच्या छोट्या शेडमध्ये मिळत नाही. कोराडीला ६६० मेगावॅटचे संच आहेत. त्यांच्या सहायक मोटरी आणि स्विचगियरजवळ उभं राहून शिकलेला मुलगा वेगळाच तयार होतो.

शिवाय शेवटी परीक्षा देऊन राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र मिळतं. रेल्वेच्या लेव्हल १ भरतीत रेल्वेतच उमेदवारी पूर्ण केलेल्यांना २० टक्के जागा राखीव असतात. उमेदवारी केली म्हणून त्याच आस्थापनेने नोकरी द्यावी असं बंधन शिकाऊ उमेदवारीच्या १९६१ च्या कायद्यात नाही, हे मी वर्गात पहिल्याच आठवड्यात सांगत असे. तरीही करा.

हिंगणा_मेंटेनन्स
सर, लोको शेडमध्ये किती जणांची निवड होते? मेरिट लागतं. ६० टक्क्यांच्या मुलाने काय करायचं? त्याला मी छोट्या शेडमध्येच पाठवीन, फक्त पॅनल बनवणाऱ्या किंवा मोटर दुरुस्तीच्या शेडमध्ये, केबल ओढणाऱ्या गँगमध्ये नाही.

निवृत्त_निदेशक
एवढा फरक केलात तर माझी अर्धी हरकत गेली. पण त्या शेडवाल्याला शिकाऊ म्हणून रीतसर नोंदणी करायला लावा. खासगी कारखान्यालाही ती करता येते. नाहीतर मुलाकडे कामाचा कागद राहत नाही.

वाडीची_इलेक्ट्रिशियन
मुलींचं कोणीच बोललं नाही म्हणून लिहिते. माझ्या बॅचमध्ये आम्ही मोजक्याच होतो. कारखान्यांत पहिला प्रश्न नाइट शिफ्टचा, दुसरा "शिडीवर चढशील का". ड्रॉइंग वाचता येतं का, हे कोणी विचारलंच नाही.

मी छतावरच्या सोलरमध्ये गेले. फेब्रुवारी २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना आली, ३ किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान, आणि नागपुरात कामाचा पूर आला. यात शिकण्यासारखं खूप आहे. पॅनलवर ऊन आहे तोवर डीसी बाजू (पॅनलपासून इन्व्हर्टरपर्यंतची) जिवंतच असते, मेन पाडून ती मरत नाही. आणि डीसीची ठिणगी एसीसारखी सहज विझत नाही, म्हणून पॅनलच्या वायरी जोडणाऱ्या एमसी-४ कनेक्टरचं क्रिंपिंग (वायरवर दाबून बसवणं) ढिलं राहिलं की तिथेच जळतं. मी प्रत्येक जोड ओढून पाहते, मगच स्ट्रिंगचं, म्हणजे एका ओळीत जोडलेल्या पॅनलांचं, व्होल्टेज घेते. मुलींनी इथे यावं.

मानेवाडा_वायरमन
ताई, काम चांगलं आहे, पण ते अनुदानावर उभं आहे. उद्या अनुदान आटलं तर बसवणाऱ्या कंपन्या पहिले तुम्हालाच कमी करतील. कूलरला अनुदान लागत नाही.

वाडीची_इलेक्ट्रिशियन
बसवण्याचं काम कमी होईलही. पण आता छतांवर चढलेले पॅनल पंचवीस वर्षं तिथेच राहणार आहेत. इन्व्हर्टर त्याआधी जाणार, अर्थिंगचे खड्डे सुकणार, माकडं केबल तोडणार. ती दुरुस्ती कोण करणार? मी आत्ताच प्रत्येक साइटचा इन्सुलेशन रेझिस्टन्स (वायरचं आवरण किती शाबूत आहे त्याचं माप) लिहून ठेवते, पुढच्या वर्षी तुलना करायला. तुमचं परवान्याचं मात्र शंभर टक्के बरोबर. मी अर्ज केला आहे.

खापरखेड्याची_ताई
माझा दीर यंदा पास झाला. त्याला मी निदेशक सरांचं ऐकायला सांगणार, उमेदवारीही करेल आणि जाहिरातीचा अभ्यासही. पण माझा प्रश्न तसाच आहे. उद्या त्याला ठेकेदाराकडेच लागावं लागलं तर त्याने आधी काय पाहायचं?

हिंगणा_मेंटेनन्स
रुजू होण्याआधी नेमणुकीचा कागद आणि ईएसआयसीचा (कामगार विम्याचा) नंबर मागायचा. दर महिन्याला पगाराची पावती घ्यायची आणि पीएफच्या पासबुकात त्या महिन्याची नोंद आली का ते स्वतः मोबाइलवर पाहायचं. लागोपाठ दोन महिने नोंद नसेल तर मुख्य कंपनीच्या एचआरला लेखी द्यायचं, कारण ठेकेदाराने नाही भरलं तर मुख्य मालकही जबाबदार असतो. हातमोजे, हेल्मेट, सेफ्टी बेल्ट आणि मल्टिमीटर कामाच्या ठिकाणी मिळणार का, तेही पहिल्याच दिवशी विचारायचं. हे विचारल्यावर जो ठेकेदार चिडतो, त्याच्याकडे लागू नका.