अनुभव धागा : शिकण्याचे स्वातंत्र्य तुमच्या वाट्याला कितपत आले?

विद्यापीठात विद्यार्थ्याला अधिक स्वातंत्र्य असावे, याविषयी तत्त्वतः फारसा मतभेद आढळत नाही. मतभेद सुरू होतो तो वेळापत्रक, गुणपत्रिका आणि कार्यालयाची खिडकी यांपाशी. १८१० मध्ये स्थापन झालेल्या बर्लिन विद्यापीठाशी आणि त्याच्या स्थापनेत पुढाकार घेणाऱ्या विल्हेल्म फॉन हुम्बोल्ट यांच्या नावाशी अध्यापनाचे स्वातंत्र्य व अध्ययनाचे स्वातंत्र्य ही जोडी कायमची निगडित झाली आहे. त्यातील पहिल्यासाठी प्राध्यापक मंडळी हिरिरीने भांडत आली. दुसऱ्याची बाजू मांडणारे मात्र पदवी हाती पडताच निघून जातात. त्यांनी थोडे मागे वळून लिहावे, यासाठी हा धागा आहे. सुधारणांवर निबंध नकोत. आपण केलेली एखादी निवड, तिच्या आड आलेली गोष्ट आणि पुढे काय झाले, एवढेच लिहावे. संस्थांची नावे टाळावीत.

प्रारंभ मीच करतो. मी संख्याशास्त्र शिकवतो. प्रकल्पाचा विषय ज्याचा त्याने ठरवावा, असे एका वर्षी जाहीर केले, तेव्हा तास संपल्यावर दाराशी रांग लागली आणि प्रत्येकाचा प्रश्न एकच होता, “सर, कोणता विषय घेतला तर चालेल?” हा ‘चालेल’ शब्द शाळेपासून अंगवळणी पडलेला होता, आणि तो एका सूचनेने जाईल असे मानणे ही माझीच चूक होती.

रसायनशास्त्राची पदवीधर

आमच्या माहितीपुस्तिकेत ऐच्छिक विषयांची यादी दोन पाने भरून होती आणि मला त्यातील तर्कशास्त्र हवे होते. प्रत्यक्षात त्याचे तास मंगळवारी व गुरुवारी दुपारी, म्हणजे नेमके आमच्या बॅचच्या प्रात्यक्षिकाच्या वेळी होते. “विषय घ्यायला तुम्हाला कोणी मनाई केलेली नाही,” असे विभागप्रमुख म्हणाले, आणि ते शब्दशः खरे होते. तोडगा काढला तो वेळापत्रक लावणाऱ्या ताईंनी. त्यांचा तक्ता शिसपेन्सिलीने आखलेला होता आणि पुन्हापुन्हा खोडल्यामुळे गुरुवारच्या रकान्यात कागद इतका विरळ झाला होता की खालच्या टेबलाचा रंग दिसत होता. दुसऱ्या बॅचमधील कोणी अदलाबदलीस तयार असेल तर आपली हरकत नाही, असे त्या म्हणाल्या, आणि सुदैवाने तशी मैत्रीण मला मिळाली. तर्कशास्त्रात गुण बेताचेच पडले. परंतु प्रयोगाच्या निष्कर्षात गृहीतक कोठे दडून बसले आहे, हे शोधण्याची सवय मला तेथे लागली, प्रयोगशाळेत नव्हे.

सल्लागार प्राध्यापक

दुसरी बाजूही नोंदवतो. आमच्या संस्थेने सक्तीचे विषय जवळजवळ काढून टाकले, तेव्हा सकाळचा पहिला तास, लिखाण जास्त असलेला विषय आणि कडक तपासणारा शिक्षक या तिन्ही गोष्टी विद्यार्थी अचूक टाळू लागले. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. पुढे जो तो गुणांची सरासरीच विचारणार असेल, तर ती जपणे हा शहाणपणाच आहे. हार्वर्डमध्येही हेच घडले होते. १८६९ ते १९०९ या काळात अध्यक्ष असलेल्या चार्ल्स एलियट यांनी सक्तीचे विषय एकेक करून इतके कमी केले की अखेरीस इंग्रजी लेखनापलीकडे फारसे काही सक्तीचे उरले नाही, आणि कित्येक विद्यार्थी प्रास्ताविक अभ्यासक्रमांची गोळाबेरीज करून पदवीधर होऊ लागले. त्यांच्यानंतर आलेल्या लॉरेन्स लोवेल यांनी एका विषयात खोली आणि इतरांत विस्तार अशी चौकट घालून दिली. चौकटीने प्रश्न सुटतो, असे मला वाटत नाही. मी दरवर्षी प्रत्येक विद्यार्थ्यासमोर कोरा कागद ठेवतो आणि निवडलेल्या विषयापुढे कारण लिहायला सांगतो. ‘मित्र घेतो आहे’ हे कारणही मी मान्य करतो, फक्त सत्रातून एकदाच.

साहित्याचा विद्यार्थी

सरासरीच्या मुद्द्याला जोडून लिहितो. अमेरिकेतील ब्राउन विद्यापीठाने १९६९ मध्ये, विद्यार्थ्यांनीच पुढाकार घेऊन लिहिलेल्या अहवालातून सुरू झालेल्या चर्चेनंतर, निरनिराळ्या ज्ञानशाखांतील विषयांची सक्ती रद्द केली आणि श्रेणीऐवजी केवळ ‘समाधानकारक’ एवढ्या शेऱ्यावर विषय पूर्ण करण्याची मुभा दिली. मी तेथे शिकलेलो नाही, परंतु आमच्याकडे वर्षाला एक विषय तसा घेता येत असे, आणि मी चक्क रेषीय बीजगणित घेतले. पहिल्या चाचणीत १०० पैकी ११ गुण मिळाले. उत्तरपत्रिकेच्या समासात बाईंनी लिहिले होते, “सदिश म्हणजे बाण, हे आता विसरा.” गुण सरासरीत धरले जाणार असते तर मी त्याच दिवशी विषय सोडला असता, धरले जाणार नव्हते, म्हणून ते वाक्य पुन्हा वाचण्याइतकी उसंत मिळाली. शेवटच्या चाचणीत ४६ मिळवून मी सुटलो, आणि आज शब्दांच्या वारंवारतेवरून लेखनशैली तपासताना मला तेच गणित लागते.

स्थापत्य अभियांत्रिकीचा शिक्षक

वरील उत्साहाला थोडा आवर घालतो. ज्याला तुळईतील बेंडिंग मोमेंट, म्हणजे भारामुळे तिला वाकवू पाहणाऱ्या बलाचा परिणाम, काढता येत नाही, त्याला थेट काँक्रीटच्या रचनेचा विषय घेऊ देता येणार नाही, कारण त्याने आखलेल्या स्लॅबखाली उद्या दुसराच कोणी उभा असेल. विषयांचा क्रम आम्ही सोडणार नाही. परीक्षेच्या तारखा मात्र मी तीन ठेवल्या. शेवटची तारीख आळशी मुले उचलतील अशी माझी खात्री होती. बहुतेकांनी मधली घेतली.

उशिरा पदवी घेतलेली गृहिणी

माझ्यासाठी कोणता विषय, यापेक्षा मध्येच थांबता येणे महत्त्वाचे होते. ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठाने १९७१ मध्ये पूर्वपात्रतेची अट न घालता पहिले विद्यार्थी घेतले, असे वाचले तेव्हा धीर आला होता. मी दूरशिक्षणाने पदवी सहा वर्षांत पूर्ण केली. त्यातील एक पूर्ण वर्ष सासूबाईंच्या आजारपणात गेले, आणि परतले तेव्हा कोणीही कारण विचारले नाही.

श्रेयांक विभागातील कर्मचारी

विद्यापीठ बदलण्याच्या स्वातंत्र्याविषयी येथे कोणी लिहिले नाही, म्हणून लिहितो. युरोपीय श्रेयांक (क्रेडिट) पद्धतीत पूर्णवेळ अभ्यासाच्या एका वर्षाचे ६० श्रेयांक धरतात आणि एका श्रेयांकामागे २५ ते ३० तासांचे काम मानतात, त्यामुळे तुलनेला निदान एक माप तरी मिळते. आमच्याकडे माप होते, परंतु विश्वास नव्हता. बदली घेऊन आलेल्या एका विद्यार्थिनीचा विषय ५ श्रेयांकांचा होता आणि आमचा ६ श्रेयांकांचा, म्हणून तिने तो संपूर्ण विषय पुन्हा करावा, असा शेरा पडला. मी दोन्ही अभ्यासक्रम शेजारी ठेवून पट्टीने ओळ अन् ओळ ताडून पाहिली. १२ घटकांपैकी ११ जुळत होते. तसे टिपण मी समितीपुढे ठेवले, पण समितीची बैठक सत्रातून एकदाच होते. मंजुरीचे पत्र आले तोवर ती शेवटच्या बाकावर बसून तोच विषय दुसऱ्यांदा शिकून उत्तीर्णही झाली होती. पत्र मी तिच्या हाती दिले. तिने ते वाचले, घडी घातली आणि त्याच विषयाच्या वहीत ठेवून दिले.